नकाराची नोंद

सुवार्ता लोंढेचे वडील एका साध्या इंजेक्शनने गेले. पायात खिळा घुसला म्हणून ते सोनवेलच्या एका दवाखान्यात गेले होते. पेनिसिलिन त्यांना चालत नाही, हे बारा किलोमीटरवरच्या दुसऱ्या दवाखान्यातल्या वहीत लाल शाईने लिहिलेलं होतं. ती वही तिथे होती आणि वडील इथे. सुवार्ता तेव्हा एकोणीस वर्षांची होती, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला.

म्हणून २०३६ साली जुळ्यांची योजना आली, तेव्हा सोनवेलमध्ये पहिली नोंदणी तिने स्वतःची केली आणि दुसरी नवऱ्याची. त्यानंतर वर्षभर सुट्टीच्या दिवशी ती घरोघर फिरून लोकांना समजावून सांगत असे. तिच्या बोलण्यावर लोकांचा विश्वास होता. हॉस्पिटलात तातडीच्या विभागात तीच सगळ्यांना आधी भेटायची.

जुळा म्हणजे रुग्णाची फाइल नव्हे. फाइलमध्ये काय घडलं ते असतं. जुळा पुढे काय घडेल ते सांगतो. हवामान खातं वारा, दाब आणि बाष्पाचे आकडे घेऊन उद्याच्या आभाळाचं गणित मांडतं, तसंच हे. माणसाची जनुकं, रक्ताच्या तपासण्या, आजवरची दुखणी, चालू असलेली औषधं, मनगटावरच्या पट्ट्याने टिपलेली नाडी, हे सगळं घेऊन संगणक त्याच्या शरीराचं एक गणित मांडतो आणि ते सतत चालू ठेवतो. डॉक्टरने औषध लिहिलं की ते आधी या गणितातल्या माणसाला दिलं जातं. त्याच्या मूत्रपिंडाचं काय होईल, हृदयाचा ठोका कुठे चुकेल, हे दोन सेकंदांत पडद्यावर येतं. मग खऱ्या माणसाला औषध द्यायचं की नाही ते ठरतं. चार वर्षांत चुकीच्या औषधाने होणारे मृत्यू जवळपास थांबले.

अडचण आली ती गुप्ततेची. लोकांना वाटे, आपल्याला नको तेवढा भाग झाकता यावा. तसं करून पाहिलं गेलं. पण शरीरातल्या गोष्टी एकमेकींत इतक्या गुंतलेल्या असतात की एक औषध लपवलं तर थायरॉइडचे आकडे जुळेनात, झोपेचे जुळेनात, आणि ते का जुळत नाहीत हे शोधत संगणक लपवलेल्या औषधापर्यंत स्वतःच पोचे. अर्धा जुळा एकतर खोटं बोलायचा, नाहीतर सगळं सांगून टाकायचा. शेवटी कायद्याने दोनच पर्याय ठेवले. जुळा पूर्ण उघडा, किंवा पूर्ण बंद.

रुग्णाला न विचारता बंद जुळा उघडण्याची मुभा एकाच परिस्थितीत होती. रुग्ण बोलण्याच्या स्थितीत नसेल आणि जिवाला धोका असेल, तर हजर असलेल्या डॉक्टर किंवा परिचारिकेपैकी एकाने आपला अंगठा यंत्रावर ठेवायचा. मात्र असा उघडलेला जुळा नव्वद दिवस उघडाच राहायचा आणि त्या माणसाच्या सेवावर्तुळातल्या सगळ्यांना दिसायचा. सेवावर्तुळ म्हणजे त्याची काळजी घेणारे सगळे: घरचे डॉक्टर, औषधाचं दुकान, फिजिओथेरपिस्ट, कामाच्या ठिकाणचा आरोग्य कक्ष. एकाला खरं दिसावं आणि दुसऱ्याने अंधारात औषध द्यावं, हे कायद्याला नको होतं. सुवार्तालाही नको होतं.

ऑगस्ट २०४२ मध्ये, सकाळी अकराच्या सुमारास, सुकुमार चौगुलेंना आणलं. वय चव्वेचाळीस, शाळेच्या बसचे चालक. चार दिवस उलट्या-जुलाब चालू होते, आणि त्या सकाळपासून ते असंबद्ध बोलायला लागले होते. हॉस्पिटलात पोचेपर्यंत शुद्ध गेली होती. हातापायांना झटके येत होते. पत्नी पद्मजा सोबत होती. त्यांना कुठलाही आजार नाही, कुठलंही औषध नाही, असं तिने दोनदा सांगितलं.

पडद्यावर त्यांच्या नावापुढे कुलपाची खूण होती.

ड्यूटीवर डॉ. निंबाळकर होता. तिशीचा, हुशार, जुळ्यांवरच शिकलेल्या पहिल्या पिढीतला. मेंदूला सूज असावी असं त्याला वाटत होतं. पण त्याने तीन औषधं सुचवली आणि तिन्ही खोडली, कारण कुठल्याच औषधाचा परिणाम आधी पाहता येत नव्हता. सुवार्ताने त्याचा चेहरा पाहिला, रुग्णाचे थरथरणारे हात पाहिले, आणि अंगठा ठेवला.

जुळा उघडला. पहिल्याच ओळीत लिथियम होतं. तीव्र चढउतारांच्या मानसिक आजारावरचं जुनं, खात्रीचं औषध. अकरा वर्षं रोज, एकही दिवस न चुकता. अंगातलं पाणी जुलाबाने गेल्यामुळे ते रक्तात साचून विष झालं होतं. उपाय एकच होता, डायलिसिस, तोही तासाभरात. तो झाला. तिसऱ्या दिवशी चौगुले उठून बसले आणि त्यांनी ताक मागितलं.

पद्मजा त्या सकाळी पडद्यासमोरच उभी होती. तिने फक्त एवढंच विचारलं, "अकरा वर्षं?"

सुवार्ता त्या आठवड्यात खुशीत होती. घरी तिने नवऱ्याला, सॅम्युअलला, सगळं सांगितलं. तो शाळेत विज्ञान शिकवायचा. बस चालवणाऱ्या माणसाची गोष्ट त्याने शांतपणे ऐकून घेतली आणि शाळेला हे कळेल का, असं विचारलं. सुवार्ता म्हणाली, कळलं तरी काय, अकरा वर्षांत त्या माणसाने बसला साधा ओरखडा येऊ दिलेला नाही.

दीड महिन्याने चौगुले तिला भेटायला आले. दुपारची वेळ होती. ती जेवून हात धूत होती. इस्त्रीचा शर्ट घालून ते बाकावर बसले होते. त्यांनी जे सांगितलं त्यात तक्रारीचा सूर नव्हता, आणि म्हणूनच ते ऐकणं तिला जड गेलं.

शाळेच्या आरोग्य कक्षाने त्यांना काढलं नव्हतं. आजारामुळे काढणं बेकायदा होतं. त्यांच्या दर वर्षीच्या तंदुरुस्तीच्या दाखल्याचं नूतनीकरण फक्त 'विचाराधीन' ठेवलं होतं. दाखला नाही म्हणून बस नाही. घरी पद्मजा त्यांच्याशी नीट बोलत होती, पण फार नीट, पाहुण्याशी बोलावं तसं. या सगळ्याची त्यांनी तयारी ठेवली होती. ज्याची ठेवली नव्हती, ते वेगळंच होतं.

आईवडील आणि मुलांची जनुकं अर्धी सारखी असतात. त्यामुळे एकाचा जुळा उघडला की रक्ताच्या नातेवाइकांच्या जुळ्यांतलं गणितही बदलतं. हा आजार काही अंशी रक्तातून येतो. चौगुल्यांची मुलगी तेजल दहावीत होती. तिच्या जुळ्यात एका सोमवारी नवी ओळ आली: जोखीम वाढीव, निरीक्षण सुचवले आहे. तिच्या सेवावर्तुळात असलेल्या शाळेच्या समुपदेशक बाई तेव्हापासून तिला रोज मधल्या सुट्टीत बोलवून घेत. झोप लागली का, राग येतो का, फार आनंद होतो का. मुलीने मैत्रिणींसमोर हसणं कमी केलं होतं. आपण हसतो ते बाई लिहून घेतात, असं ती घरी म्हणाली होती.

"तुम्ही मला वाचवलंत, सिस्टर. ते मी विसरलेलो नाही," चौगुले म्हणाले. "पण मला विचारलं नाहीत."

तुम्ही शुद्धीवर नव्हता, असं ती म्हणाली. ते त्यांनाही ठाऊक होतं. त्यांनी मान डोलावली आणि ते उठले.

नव्वद दिवस संपल्यावर त्यांचा जुळा पुन्हा बंद झाला. पण ज्यांनी वाचायचं त्यांनी वाचलं होतं, आणि तेजलच्या जुळ्यातली ओळ तशीच राहिली, कारण तो जुळा वेगळ्या माणसाचा होता. डिसेंबरात चौगुल्यांनी गोळ्या बंद केल्या. औषधाच्या दुकानात नोंद होते, नोंदीतून मुलीवर काहीतरी चढतं, असं त्यांनी डोक्यात घेतलं होतं. फेब्रुवारीत एका पहाटे ते घरातून निघून गेले. हे सुवार्ताला पद्मजाने भाजी बाजारात सांगितलं, हातातल्या मेथीच्या जुडीची माती झटकत. पोलिसांत कळवलं आहे, शिरोळच्या बाजूला कुणी पाहिलं म्हणतात, एवढं बोलून ती पुढे गेली.

ही गोष्ट गावात पसरली. त्या उन्हाळ्यात सोनवेलमधल्या सोळाशे माणसांनी आपले जुळे बंद केले. त्यांतल्या कितीतरी जणांच्या नोंदणीच्या अर्जावर सात वर्षांपूर्वी सुवार्तानेच सह्या घेतल्या होत्या.

मे महिन्यात हॉस्पिटलात गावातल्या जुळ्यांची यादी तपासताना तिला सॅम्युअलच्या नावापुढे कुलूप दिसलं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती.  तिसऱ्या दिवशी सकाळी, तो चपात्यांना तूप लावत असताना, तिने विचारलं की तुला काय झालंय.

"काही झालेलं नाही. लपवण्यासारखं काहीच नाही माझ्याकडे," तो म्हणाला.

"मग?"

"मी बेशुद्ध पडलो तर तू उघडशील, हे मला माहीत आहे." त्याने डबा बंद केला. "तू न विचारता उघडशील. म्हणून."

त्यांचं भांडण झालं नाही. पुढेही ते एकत्र जेवत, रविवारी चर्चला जात. पण साधी डोकेदुखी झाली तरी तो ते तिला सांगेनासा झाला. तो गोळी घेऊन पाणी पितानाचा आवाज तिला स्वयंपाकघरातून ऐकू येई.

अन्विता देवरुखकरला ऑक्टोबरात आणलं, दुपारी चार वाजता. ती सव्वीस वर्षांची होती. बियाणं तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करायची आणि सोनवेलमध्ये भाड्याच्या खोलीत राहायची. आई रत्नागिरीकडे, वडील नाहीत. सोबत आलेल्या सहकारी मुलीला एवढंच माहीत होतं की तीन दिवस ताप आहे, पोटात काही ठरत नाही, आणि जानेवारीत लग्न आहे. रक्तदाब फार खाली होता. त्वचा गार. विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं ती देत होती, पण थांबून थांबून.

पडद्यावर कुलूप होतं.

निंबाळकरने सलाइन चालू केलं, रक्त तपासायला पाठवलं, आणि जंतुसंसर्ग धरून प्रतिजैविक दिलं. मग तो सुवार्ताकडे वळला. त्याची नजर यंत्राकडे गेली. मुलगी शुद्धीवर होती, म्हणजे तिला विचारायला हवं होतं.

कायद्यात इथे एक बारीक कलम होतं. शुद्धीवरच्या रुग्णाने नकार दिला आणि तो नोंदवला गेला, तर सहा तास तो मोडता येत नाही, मग रुग्णाची शुद्ध गेली तरीही. नाहीतर विचारायचं, नकार ऐकायचा, झोप लागेपर्यंत थांबायचं आणि उघडायचं, असं होऊ लागलं असतं. पहिल्या वर्षी तसं झालंही होतं. नकार नोंदवणं परिचारिकेचं काम होतं. तिने नोंदवला नाही, तर तो दिलाच गेला नाही असं कागदोपत्री झालं असतं.

सुवार्ता खाली वाकली.

"अन्विता, तुझा जुळा बंद आहे. तो उघडला तर आम्हाला नीट उपचार करता येतील. उघडू?"

मुलीने डोळे उघडले. तिला प्रश्न समजला होता, यात शंका नव्हती.

"नको."

"फक्त आम्हीच पाहू, असं मी सांगू शकत नाही. पण तुझा जीव–"

"नको," अन्विता पुन्हा म्हणाली आणि तिने सुवार्ताचं मनगट धरलं. पकडीत जोर नव्हता. "प्लीज, नको."

सुवार्ताने काही चालू आहे का, गोळ्या घेतेस का, ते तरी तोंडी सांग, अशी विनंती केली. मुलीने मान फिरवली. सहकारी मुलगी पलंगाच्या पायथ्याशी उभी होती आणि सगळं ऐकत होती. तिला बाहेर पाठवायला हवं होतं, हे सुवार्ताला पुढे अनेकदा सुचलं. त्या क्षणी सुचलं नाही. त्या क्षणी तिच्या मनात चौगुल्यांचा इस्त्रीचा शर्ट होता, आणि डबा बंद करणारा सॅम्युअल.

ती यंत्रापाशी गेली आणि तिने नकार नोंदवला. चार वाजून सतरा मिनिटं.

साडेचारला अन्विताची शुद्ध हरपली. निंबाळकरने सलाइनचा वेग वाढवला, रक्तदाब चढवणारं औषध सुरू केलं. रक्तदाब चढेना. तो पुन्हा पुन्हा पडद्याकडे पाहत होता आणि तिथे पाहण्यासारखं काही नव्हतं. जुळ्याशिवाय, नुसत्या समोरच्या माणसाकडे पाहून रोग ओळखण्याबद्दल त्याने फक्त पुस्तकात वाचलं होतं. त्याने वरिष्ठांना फोन लावला. तेही जुळ्याबद्दलच विचारत होते.

रक्ताचा अहवाल पाच वाजता आला. सोडियम फार कमी, पोटॅशियम फार जास्त. निंबाळकर आकड्यांवर बोट ठेवून उभा होता, काहीतरी ओळखीचं वाटत होतं, ओठ हलत होते, तेवढ्यात हृदयाचे ठोके दाखवणाऱ्या यंत्राचा सलग सूर सुरू झाला. चाळीस मिनिटं त्यांनी प्रयत्न केले. सुवार्ताने स्वतः छाती दाबली, दमेपर्यंत, आणि दमल्यावरही.

मृत्यूची नोंद होताच जुळा आपोआप उघडला. गुप्ततेचा हक्क जिवंत माणसाला असतो, कायदा तसंच म्हणत होता.

अन्विताला मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींची जन्मजात व्याधी होती. शरीराला अत्यावश्यक असलेलं एक स्टेरॉइड त्या ग्रंथी तयार करू शकत नव्हत्या. ती ते गोळीतून रोज घेत होती. ताप आला की मात्रा वाढवावी लागते, आणि उलट्यांमुळे गोळ्याच पोटात ठरल्या नव्हत्या. हायड्रोकॉर्टिझोनचं एक इंजेक्शन पुरलं असतं. ते औषध पलंगापासून सहा पावलांवरच्या कपाटात होतं. त्याच नोंदीत पुढे, या व्याधीपायी लहानपणी झालेल्या दोन शस्त्रक्रिया होत्या, आणि त्या कशाच्या होत्या तेही होतं. मुलगी म्हणून वाढवलेल्या बाळाचं शरीर मुलीचं दिसावं म्हणून केलेल्या. ज्या व्याधीने लपवायचं कारण दिलं, तिनेच अन्विताचा जीव घेतला होता.

निंबाळकर खुर्चीत बसला. "मला ओळखता यायला हवं होतं," तो म्हणाला.  सुवार्ताने पडदा बंद केला, पण तो पडदा फक्त त्या खोलीतला होता.

चौकशी समिती डिसेंबरात बसली. तीन सदस्य होते. त्यांनी चौगुल्यांचं प्रकरणही सोबत घेतलं, कारण त्यांच्या घरच्यांनीही अर्ज केला होता. सुवार्ताला अडीच तास प्रश्न विचारले गेले. तिने दोन्ही वेळा जे केलं ते जसंच्या तसं सांगितलं. निकालाचं पत्र एका पानाचं होतं: दोन्ही प्रसंगी परिचारिकेचं वर्तन कायद्याला धरून होतं, कोणताही दोष आढळला नाही. सॅम्युअलने ते वाचलं, घडी घातली आणि तिच्या पर्समध्ये ठेवलं. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि बराच वेळ काढला नाही.

जानेवारीत, ज्या आठवड्यात लग्न होणार होतं त्याच आठवड्यात, अन्विताची आई हॉस्पिटलात आली. अर्चना देवरुखकर. पन्नाशीची, कोकणातल्या एका ग्रामपंचायतीत कारकून. मुलीच्या वस्तू न्यायला आले, असं तिने सांगितलं. वस्तू तर ऑक्टोबरातच गेल्या होत्या. सुवार्ताने तिला परिचारिकांच्या खोलीत बसवलं.

बाईंना एकच गोष्ट विचारायची होती. ती शेवटचं काय बोलली?

खोटं बोलणं सोपं होतं. तुमची आठवण काढली, असं म्हणता आलं असतं, आणि अशी खोटी वाक्यं सुवार्ताने वीस वर्षांत इतरांसाठी बोललीही होती. पण या बाईंच्या पिशवीत समितीच्या अहवालाची प्रत होती. तिचा कोपरा बाहेर दिसत होता.

"नको, म्हणाली," सुवार्ता म्हणाली. "मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा नको म्हणाली."

अर्चनाताईंनी ते ऐकून घेतलं. डोळ्यांत पाणी आलं नाही.

"मीच शिकवलं होतं," त्या म्हणाल्या. "चार वर्षांची असल्यापासून. शाळेत तपासणीला डॉक्टर आले, नको म्हणायचं. कुणी बाई कपडे बदलायला मदत करते म्हणाली, नको म्हणायचं. पाठ करून घेतलं होतं मी तिच्याकडून. तुम्ही कसं विचारलंत, त्याने काही फरक पडला नसता."

सुवार्ताला सांगायचं होतं की पडला असता. नकार नोंदवला नसता तर पडला असता. त्या सहा तासांबद्दल अहवालात एक ओळ होती, आणि बाईंनी ती वाचली होती की नव्हती, हे कळायला मार्ग नव्हता. तिने सांगायला तोंड उघडलं. पण बाईंनी आधीच पुढचा प्रश्न विचारला.

"तिचा जुळा आता तरी बंद करता येईल?"

"नाही."

"जावयाकडच्यांना कळलंय. म्हणजे, जे होणार होते त्यांना. प्रयोगशाळेत कळलंय. ती गेली तेव्हा लोक रडले, आणि आता भेटले की त्यांच्या तोंडावर वेगळंच काहीतरी असतं." त्या थांबल्या. "ते जाऊ दे. माझ्या बहिणीची मुलगी बेळगावला असते, ईशानी. बावीसची आहे. तिला परवा निरोप आला, तुमच्या जुळ्यात बदल झाला आहे म्हणून. तिला स्वतःला काही नाही हो. पण तिच्या पोरांना होऊ शकतं, असं काहीतरी लिहिलंय. ती फोनवर विचारत होती, मावशी, मी बंद करू का?"

सुवार्ताने पाण्याचा ग्लास पुढे केला. अर्चनाताईंनी तो घेतला आणि हातात धरून ठेवला.

"तिला सांगा, बंद करू नको," सुवार्ता म्हणाली.

"आणि उघडा ठेवला तर तिचं काय होतं, ते कोण सांगणार?"

खोलीच्या दारात एक शिकाऊ मुलगी येऊन उभी राहिली, बाहेर रुग्ण आला होता. सुवार्ताने तिला हातानेच थांबायला सांगितलं. मग अर्चनाताईंच्या शेजारी ती बसली, इतकी जवळ की दोघींचे खांदे लागले, आणि खरं तेच म्हणाली.

"मला माहीत नाही."